कूलंट सेन्सर बदलला, थर्मोस्टॅट बदलला, तरी चेक इंजिनचा दिवा येतो-जातो. नक्की शोधायचं कसं?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी,

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. नव्वद हजार किलोमीटरच्या पुढे चालली आहे. रोज पुण्यात ऑफिस आणि सणावाराला चिपळूण, एवढाच वापर. गेल्या पावसाळ्यापासून एक दुखणं मागे लागलंय.

गाडी छान चालू असते आणि मधेच चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. त्याच क्षणी रेडिएटरचा फॅन फुल स्पीडला सुटतो, एसी बंद असला तरी. आमच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही, फक्त निळा आणि लाल दिवा आहे. तर इंजिन चांगलं तापलेलं असताना हा निळा, म्हणजे ‘इंजिन थंड आहे’वाला दिवा लागतो! थोड्या वेळाने, कधी दुसऱ्या दिवशी, सगळं आपोआप गप्प. अशा वेळी गाडी बंद करून दुकानात जाऊन आलं की लवकर स्टार्ट होत नाही आणि पेट्रोलचा वास येतो.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड निघाला पी०११८. कूलंट टेम्परेचर सेन्सर बदलला. काही दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. नंतर थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणारी झडप) बदलला, कूलंट नवीन भरलं. पुन्हा तेच. आता म्हणतात ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला असेल. गाडीच्या आजच्या किमतीकडे बघता तो खर्च मला पटत नाही.

गणपतीला आई-बाबांना घेऊन उंब्रज-पाटण-कुंभार्ली घाटाने घरी जायचंय. ईसीयूला हात लावण्याआधी काय काय तपासावं? आणि तोवर ही गाडी घाटात न्यावी का?

शॉर्टकट_सदू

सेन्सर ओरिजिनल टाकला की लोकल? लोकल असेल तर तिथेच पाणी मुरतंय. ओरिजिनल टाका, विषय संपला.

ओहमकार

सदू, लोकल सेन्सर वाईट असू शकतो हे मान्य. पण जुना गेला तेव्हा जे होत होतं, नेमकं तेच नव्यातही होतंय. दोन वेगळे सेन्सर एकाच पद्धतीने, असे अधूनमधून बिघडणं मला तरी अवघड वाटतं.

वाशिष्ठीकाठ, तुमच्या हातात पी०११८ हा कोड आहे, त्यालाच धरून पुढे जाऊ. या कोडपुढे स्कॅनर ‘हाय इनपुट’ लिहितो. तो हाय म्हणजे व्होल्टेज, तापमान नव्हे. हे वाचून इंजिन तापतंय असं समजून थर्मोस्टॅट बदलणारे मी पाहिलेत.

हा सेन्सर म्हणजे साधा एनटीसी थर्मिस्टर. तापमान वाढेल तसा त्याचा रोध कमी होतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशाला अडीच किलोओहमच्या आसपास, ८० अंशाला तीनशे-सव्वातीनशे ओहम आणि १०० अंशाला दोनशेच्या आत. ईसीयू स्वतःच्या आतल्या एका रेझिस्टरमधून त्याला ५ व्होल्ट देतो आणि सेन्सरवर किती व्होल्टेज पडतंय ते वाचतो. इंजिन थंड असेल तर व्होल्टेज जास्त, गरम असेल तर कमी. आता वायर तुटली किंवा पिन सुटली की सर्किट उघडं पडतं, पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि ईसीयूच्या लेखी इंजिन उणे ४० अंशांवर जातं. तो पी०११८. उलट वायर सोलून बॉडीला टेकली तर व्होल्टेज शून्याकडे जातं आणि ईसीयूला इंजिन भयंकर गरम वाटतं. तो पी०११७.

तुमची सगळी लक्षणं यातून निघतात. उणे ४० वाटलं म्हणून निळा दिवा. तापमान कळेनासं झालं म्हणून ईसीयू सुरक्षेपोटी फॅन कायम चालू ठेवतो. आणि त्या अवस्थेत पेट्रोल भरमसाट सोडलं जातं, म्हणून गरम इंजिन ओलं होऊन स्टार्ट होत नाही.

थर्मोस्टॅटचा यात संबंध येत नाही, कारण पाणी असं वागूच शकत नाही. ब्लॉक, हेड आणि त्यातलं चार-पाच लिटर कूलंट ९० अंशांवर असताना एका सेकंदात शून्याखाली जाणार कसं? आकडा उडी मारत असेल तर गडबड विजेची, आणि हळूहळू सरकत असेल तर पाण्याची. आधी हे बघा. एक ब्लूटूथ ओबीडी डाँगल घ्या, ईएलएम ३२७ जातीचा; गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावला की ईसीयूचे आकडे मोबाइलवर दिसतात. भारतात बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे तुमच्या गाडीला चालेल. मोबाइलवर कूलंट टेम्परेचरचा आलेख रेकॉर्ड करत चार दिवस गाडी चालवा.

उद्यमनगरचा_मिस्त्री

ओहमकार सरांचं बरोबर हाय. मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो, म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगतो.

असला येता-जाता फॉल्ट गॅरेजला आला की गाडी निम्मा दिवस उभी राहती आणि एकदाबी फॉल्ट दाखवत नाही. तापानं फणफणलेलं पोर दवाखान्यात नेलं की खेळाय लागतं, तसंच हे. गिऱ्हाइकाला संध्याकाळी गाडी पायजे. मग मिस्त्री कोडमध्ये नाव आलेला पार्ट बदलतो आणि कोड पुसून गाडी देतो. हे चुकीचं हाय, पण का होतं ते समजून घ्या.

माझ्या पोरांना मी पयलं एकच शिकवतो. कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेम बघायची. कोड आला त्या टायमाला गाडीचा स्पीड किती, आरपीएम किती, इंजिनवर लोड किती, हे ईसीयूनं साठवून ठेवलेलं असतं. फॉल्ट खड्ड्यात येतो का, चढाला येतो का, सिग्नलला उभं असताना येतो का, ते तिथं कळतं. कोड पुसला की ही माहितीबी गेली. तुमच्या गाडीत आता पुन्हा कोड आला तर कुणाला पुसू देऊ नका.

आणि कनेक्टर काढून पिना बघा. तांब्यावर हिरवा कळंक चढलाय का, फिमेल पिन फाकलीय का. मल्टिमीटरची जाड सुई समोरनं घुसवून फाकवलेल्या पिना लई बघितल्यात. वरनं कनेक्टर ‘टक’ करून बसतो, पण आत पकड नसती.

ठाण्याची_ठकू

उंदीर बघितलेत का? मी विचारतेय ते मनापासून. पावसाळ्यात आमच्या सोसायटीत स्टिल्टखाली उभ्या असलेल्या निम्म्या गाड्यांच्या वायरी कुरतडल्या जातात. माझ्या डिझेल गाडीत नेमकी कूलंट सेन्सरची वायर अर्धी खाल्ली होती. वरून बघताना काही दिसायचं नाही, एअर फिल्टरचा डबा काढल्यावर दिसलं.

सह्याद्रीवारा

ठकूताई, उपाय काय केलात ते सांगा. आमच्याकडे डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर तो वास एसीतून थेट नाकात.

ठाण्याची_ठकू

तंबाखूची पानं, जाळीच्या पिशवीत घालून बॅटरीजवळ बांधली. एक्झॉस्टपासून लांब बांधायची, हे नीट लक्षात ठेवा, वाळलेली पानं पेट घेतात. आणि गाडी रोज थोडी तरी हलवायची. उभ्या गाडीत घर करतात ते.

सह्याद्रीवारा

म्हणजे आमचे उंदीर व्यसनी निघाले तर पंचाईत आहे. 😄

जुनी_फियाट

मंडळी, मी गेली कित्येक वर्षं गाड्या हाताळतो आहे. माझं मत विचाराल तर थर्मोस्टॅट काढूनच टाका. आपल्या हवेत त्याची गरज काय? पद्मिनीच्या काळात आम्ही सर्रास काढायचो आणि गाडी मे महिन्यात घाट चढायची.

ओहमकार

काका, पद्मिनीला कार्ब्युरेटर होता, त्याला इंजिनाचं तापमान कुणी सांगायचं नव्हतं. आताचा ईसीयू पेट्रोल किती सोडायचं, इग्निशन कधी द्यायचं, आयडलिंग किती ठेवायचं, हे सगळं त्या आकड्यावर ठरवतो. थर्मोस्टॅट काढला की हायवेवर इंजिन ६०-७० अंशांवर रेंगाळतं, पेट्रोल जास्त जळतं, ऑइलमध्ये ओलावा राहतो आणि पी०१२८ नावाचा नवा कोड येतो. तापमान अपेक्षित पातळीला पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. त्यांचा एक प्रश्न सोडवायला जाऊन दुसरा उभा राहील.

जुनी_फियाट

इंजेक्शनच्या गाडीपुरतं तुमचं म्हणणं ग्राह्य धरतो. पण एक जुनी गोष्ट सांगतो, ती आजही उपयोगी पडेल. जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर एका वायरचा असायचा आणि अर्थिंग, म्हणजे वीज परत जायची जोडणी, त्याच्या आट्यांमधून इंजिनाला व्हायचं. कुणी गळती थांबवायला त्यावर पांढरी टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली की काटा वेडावाकडा नाचायचा. आजही ज्यांच्याकडे एका वायरचा सेन्सर आहे त्यांनी हे बघावं.

मिनेसोटाकर

इकडून एक गंमत. उणे ४० हा एकच आकडा असा आहे की तो सेल्सिअसमध्ये आणि फॅरनहाइटमध्ये सारखाच. त्यामुळे इथल्या मेकॅनिकला आणि पुण्याच्या मेकॅनिकला स्कॅनरवर एकच आकडा दिसतो आणि दोघांना एकच गोष्ट कळते.

हा आकडा येतो कुठून? ओबीडीमध्ये कूलंटचं तापमान एका बाइटमध्ये पाठवतात, म्हणजे ० ते २५५, आणि त्यातून ४० वजा करायचे अशी पद्धत आहे. म्हणून सगळ्यात खालचा आकडा उणे ४०. आमच्या राज्यात टॉवर नावाच्या गावी फेब्रुवारी १९९६ मध्ये उणे ६० फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे ५१ नोंदलं गेलंय. तिथे उभ्या गाडीत उणे ४० दिसलं तर ते खरं मानावं लागेल. कात्रजला मानू नये.

कामाचं एक सांगतो. काही गाड्यांत सेन्सर गेला की ईसीयू स्वतःचा ठोकताळ्याचा आकडा धरतो आणि कंपनीच्या स्कॅनरवर तोच दाखवतो. मग आलेख सरळ दिसतो आणि फॉल्ट लपून राहतो. अशा वेळी सेन्सरचं व्होल्टेज दाखवणारा रकाना असेल तर तो बघा.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. डाँगल आणला आणि आलेख रेकॉर्ड करतोय. उंदरांच्या खुणा नाहीत, एअर फिल्टरचा डबा काढून बघितला. कनेक्टरच्या पिना स्वच्छ आहेत, कळंक नाही.

काल संध्याकाळी नवले पुलाच्या गर्दीत सापडलं! दर सेकंदाचे आकडे असे: ८९, ८९, ९०, −४०, −४०, ९०, ९०. ऑफिसच्या पार्किंगमधून रिव्हर्स काढतानाही एकदा आलं. हायवेवर एका वेगाने जाताना मात्र रेघ सरळ, एकदाही उडी नाही. फॉल्ट बहुतेक वेळा पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना किंवा स्पीडब्रेकरवर येतो.

शॉर्टकट_सदू

कनेक्टरवर काँटॅक्ट क्लीनर मारा ना. शंभरातल्या नव्वद गाड्या तिथेच सुटतात.

गिअर_गौरी

सदू, पिना स्वच्छ आहेत असं त्यांनी लिहिलंय. फवारून नुकसान नाही, पण थोडे दिवस बरं वाटून पुन्हा फॉल्ट आला तर नेमकं कशाने बरं झालं होतं तेही कळणार नाही.

वाशिष्ठीकाठ, तुमच्या शेवटच्या वाक्यातच माग आहे. मी चाकणला वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या वायरींच्या जुडग्यांच्या, कामात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या गिअरमध्ये आणि रिव्हर्सला क्लच सोडताना इंजिन माउंटिंगवर झुलतं. सेन्सर इंजिनावर असतो, पण वायरचं दुसरं टोक बॉडीकडे जातं. इंजिन जितकं झुलतं तितका मधल्या वायरला हिसका बसतो. म्हणून सेन्सर आणि बॉडी यांच्यामध्ये, जिथे वायर वाकते तिथे शोधा.

करायचं असं. इंजिन पूर्ण थंड असू दे. इग्निशन ऑन, पण इंजिन सुरू करू नका. मोबाइलवर तापमान बघत राहा, हवेच्या जवळपास दिसायला हवं.

आधी सेन्सरचा कनेक्टर काढा. आकडा उणे ४० वर जाऊन स्थिर राहायला हवा. फॅन फुल स्पीडला सुटेल, म्हणून हात, ओढणी, मफलर, सगळं फॅनपासून लांब. पिन वाकडी न करता मावेल अशा पातळ तारेने दोन पिना क्षणभर जोडल्या तर आकडा एकदम वर जाऊन अडकायला हवा. दोन्ही झालं, तर निदान त्या क्षणी तरी ईसीयू आणि वायर काम करताहेत.

आता खरी परीक्षा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ३३० ओहमचा रेझिस्टर आणा, तो कनेक्टरमध्ये अलगद बसवून टेप लावा. आकडा ८० च्या आसपास स्थिर व्हायला हवा. मग एकाने मोबाइल बघायचा आणि दुसऱ्याने वरून धरून इंजिन पुढे-मागे जोरात हलवायचं. हाताने चांगलं हलतं. आकडा उडाला तर सेन्सर निर्दोष, कारण सेन्सर तिथे नाहीच. मग वायर इंच-इंच वाकवत पुढे जा.

रेझिस्टर लावून गाडी चालवायची नाही. ईसीयूला कायम ८० दिसत राहील, फॅन लागणार नाही आणि इंजिन खरंच तापलं तरी लाल दिवा येणार नाही.

आणखी एक बघा. उडी येते त्या क्षणी आत येणाऱ्या हवेचं तापमान किंवा मॅनिफोल्डचं प्रेशर पण उडतंय का? बऱ्याच गाड्यांत या सेन्सरांचं अर्थिंग एकच असतं. सगळे मिळून उडाले तर सामाईक अर्थिंग तपासायचं, एकटं कूलंटच उडालं तर त्याच्या दोन वायरींपुरतं बघायचं.

वाशिष्ठीकाठ

गौरीताई, रेकॉर्ड तपासलं. हवेचं तापमान जागचं हललेलं नाही. फक्त कूलंट उडतंय.

उद्यमनगरचा_मिस्त्री

गौरीताईंनी नंबर एक सांगितलंय. त्यात माझी भर. वायर वरनं धड दिसती, पण आत तांबं तुटलेलं असतं. दोन बोटांच्या चिमटीत धरून थोडं-थोडं ओढत जायचं. धड वायर ताणत नाही. आत तुटली असली की तिथं नुसतं प्लास्टिक असतं, ते रबरासारखं लांबतं आणि बारीक होतं. बोटाला लगेच कळतं.

निवांत_नगरकर

एक शंका. जुना सेन्सर माझ्याकडे पडून आहे, तो चांगला की वाईट हे घरी कसं बघायचं? उकळत्या पाण्यात टाकून?

ओहमकार

हो, पण नुसतं उकळत्या पाण्यात टाकून एक आकडा घेऊ नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापताना ३०, ५०, ७०, ९० अशा टप्प्यांवर रोध लिहून घ्या. आकडे सलग उतरत गेले पाहिजेत, कुठे अडकता किंवा उडता कामा नये. मापताना सेन्सरवर हलकेच टिचक्या मारा, आतला जोड सैल असेल तर तेव्हा दिसतो. पिना पाण्यात बुडवू नका.

आणि पाणी १०० ला उकळतं हे मुंबईत. पुण्यात, साडेपाचशे मीटर उंचीवर, ते ९८ च्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला आणखी खाली. म्हणून थर्मामीटर हवाच.

सोपी तपासणी सकाळची आहे. रात्रभर उभ्या गाडीत इग्निशन ऑन केल्यावर कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्ही तापमानं जवळपास सारखी दिसायला हवीत. वीस अंशांचा फरक असेल तर दोहोंपैकी एक खोटं बोलतंय.

सह्याद्रीवारा

यांची ती घाटाची शंका राहिलीच की. नेऊ का नको?

गिअर_गौरी

माझं मत, फॉल्ट सापडेपर्यंत नको. फॅन चालू राहतो म्हणून लोक निर्धास्त होतात. पण कुंभार्ली चढताना होज फुटला किंवा कूलंट गळालं, आणि नेमका तेव्हा सेन्सर उणे ४० सांगत असला, तर लाल दिवा लागणारच नाही. काटा नसलेल्या गाडीत तो दिवा हाच एकमेव इशारा आहे. शिवाय जास्तीचं पेट्रोल जळत राहिलं तर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते, आणि तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग.

जुनी_फियाट

गौरीताईंशी पूर्ण सहमत. आई-बाबा सोबत असताना जोखीम नको. एसटी आहेच.

वाशिष्ठीकाठ

सापडलं!!

आज सकाळी भावाला मोबाइल धरायला उभं केलं आणि गौरीताईंनी सांगितलं तसंच केलं. रेझिस्टर लावल्यावर आकडा ८० च्या जवळ स्थिर. इंजिन जरा हलवलं तर काही नाही. बॅटरीच्या बाजूने धरून जोरात मागे ढकललं आणि भाऊ ओरडला, “गेला! उणे चाळीस!” सोडलं की परत ८०. सेन्सर जागेवर नसतानाच हे झालं, म्हणजे सेन्सरचा प्रश्न मिटला.

मग वायर बघत गेलो. बॅटरीच्या ट्रेजवळ हार्नेस धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप तुटली होती. पुरा लूम (वायरींचा जुडगा) खाली लोंबत होता आणि त्याचं सगळं वजन कनेक्टरच्या मागच्या वळणावर येत होतं. कनेक्टरपासून दोन बोटांवर काळ्या टेपचं वेष्टण होतं, ते सोडलं. वायर वरून एकदम नवी, कुठे चीर नाही. मिस्त्रींनी सांगितलं तशी चिमटीत ओढली, आणि एका जागी ती खरंच लांबली, मधे बारीक झाली. तिथे प्लास्टिक कापलं तर आतले तांब्याचे धागे काळे पडलेले, जवळजवळ सगळे तुटलेले. उरलेली टोकं नुसती एकमेकांना टेकून काम चालवत होती. इंजिन झुललं की सुटायची, परत आलं की टेकायची.

आता जोडायचं कसं? घरी सोल्डरिंग गन आहे.

उद्यमनगरचा_मिस्त्री

मन गार झालं बघा! ईसीयूचे पैसे वाचले.

सोल्डर नको. सोल्डर वायरीत वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो, आणि इंजिनाच्या थरथरीनं त्याच्या कडेला वायर पुन्हा तुटती.

ओहमकार

मिस्त्री, इथे थोडा मतभेद. चांगलं सोल्डर आणि दोन्ही बाजूंना नीट आधार दिला तर वर्षानुवर्षं टिकतं. मी स्वतः तसे जोड केलेत. आधार न देता लोंबतं ठेवलं तर तुम्ही म्हणता ते होतं.

गिअर_गौरी

दोघांचं म्हणणं आधारापाशीच येतंय. कारखान्यात आम्ही क्रिम्प करतो, म्हणजे धातूच्या नळीत वायरी दाबून जोडतो, कारण तो दरवेळी सारखा येतो आणि वायर लवचीक राहते. घरी करायचं तर चांगल्या पकडीने क्रिम्प, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी), म्हणजे ओलावा शिरणार नाही. त्याहून चांगलं म्हणजे वायरसकट नवा कनेक्टर मिळतो, पिगटेल म्हणून मागा. तो आणून जोड वळणापासून लांब, सरळ भागात घ्या. काहीही केलं तरी ती क्लिप आधी बसवा. वायर क्लिप तुटल्यामुळे तुटली, क्लिप नसेल तर नवीही तुटेल.

शॉर्टकट_सदू

मान गए गौरीताई. हा धागा मी बुकमार्क करून ठेवलाय.

वाशिष्ठीकाठ

पिगटेल मिळाला, आजच बसवून घेतला. क्रिम्प आणि हीट श्रिंक, लूम नव्या क्लिपमध्ये. कनेक्टरजवळ वायरला थोडा सैलपणा ठेवलाय. परत रेझिस्टर लावून इंजिन हवं तेवढं हलवलं, रेघ ढिम्म.

गॅरेजवाल्यांकडे जावं का? सेन्सर आणि थर्मोस्टॅटचे पैसे गेलेत.

उद्यमनगरचा_मिस्त्री

जावा. भांडाय नको. कापलेला वायरीचा तुकडा आणि मोबाइलवरचा आलेख दाखवा. जो मिस्त्री कामावर प्रेम करतो त्याला हे बघून आनंदच होतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा सेन्सर वाचतो. काढलेला जुना सेन्सर मागून घ्या, ओहमकार सर म्हणाले तसा पाण्यात तपासा. चांगला निघाला तर डिकीत ठेवा.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून लिहितोय. गणपती घरी आले. कुंभार्ली पावसात, धुक्यात, एसटीच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. पूर्ण घाटभर कूलंट ८७ ते ९६ च्या मध्ये, ९६ ला फॅन लागायचा आणि ९१-९२ ला थांबायचा. अगदी शिस्तीत. निळा दिवा सकाळी पहिली काही मिनिटं, तेवढाच. बाबा पुढच्या सीटवर मोबाइल धरून आकडे वाचत होते, त्यांना घाटापेक्षा त्यातच जास्त रस.

गॅरेजमध्येही जाऊन आलो. तुकडा त्यांनी ठेवून घेतला आणि नव्या मुलांना बोलावून दाखवला. थर्मोस्टॅटची मजुरी परत केली.

ठाण्याची_ठकू

वा! मोदक खाताना गौरीताईंच्या नावाचा एक जास्त घ्या.

डोंबिवली_फास्ट_नव्हे_स्लो

उशिरा आलो, पण माझंही असंच चाललंय, म्हणून इथेच विचारतो. माझ्या गाडीत शहरात ९० दिसतं. एक्सप्रेसवेला लागलं की हळूहळू ८०, ७५, ७० असं उतरत जातं. टोल नाक्यावर रांगेत उभं राहिलं की परत ९०. कोड पी०१२८. मीही वायर शोधायला घेऊ का?

ओहमकार

नको. तुमचा आकडा उडत नाही, सरकतोय. वारा लागला की उतरतो, थांबलं की चढतो. सेन्सर आणि वायर खरं तेच सांगताहेत. तुमचा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. सकाळी थंड गाडी सुरू करून रेडिएटरच्या होजला बाहेरून हात लावून बघा, फॅन आणि पट्ट्यांपासून जपून. इंजिन तापायच्या आधीच तो कोमट होऊ लागला तर नक्कीच.

उद्यमनगरचा_मिस्त्री

ह्यो मात्र बिनधास्त बदला. जुन्या थर्मोस्टॅटवर उघडायचं तापमान छापलेलं असतं, ८२ किंवा ८८ असं कायतरी, नवा तेवढ्याचाच घ्या. गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही. बोअरचं पाणी ओतू नका, तयार कूलंट भरा. भरून झाल्यावर हीटर फुल गरमवर ठेवून हवा काढा. हवा अडकली की सेन्सरच्या तोंडाशी वाफ येती आणि आकडा पुन्हा नाचतो. मग तुम्ही परत हितं येऊन सेन्सर बदलू का म्हणून विचारणार.